मैनाची तोंडी परीक्षा

(एप्रिल १९९७. घोटीपासून तासाभरावर, डोंगराकडची दोन खोल्यांची प्राथमिक शाळा. शुक्रवार. मुलं घरी गेली आहेत. मुख्याध्यापक धोंडीराम गुरुजी निकालपत्रक भरताहेत आणि नाशिकहून रोज एसटीने येणाऱ्या उत्तराबाई टेपरेकॉर्डर पोटाशी धरून समोर उभ्या आहेत.)

धोंडीराम: भोपळा नाही तर दुसरं काय देऊ, उत्तराबाई? तुम्हीच सांगा. वीस गुणांची तोंडी परीक्षा. पाच प्रश्न विचारले, अगदी सोपे. पोरीनं पाचही वेळा जमिनीकडे पाहिलं. जमिनीनं उत्तर दिलं असतं तर जमिनीला गुण दिले असते मी.

उत्तरा: गुरुजी, मैनाला सगळं येतं हो.

धोंडीराम: येत असेल. आतल्या आत येऊन काय उपयोग? "हिला सगळं येतं असं बाईंना वाटतं" असा रकाना नाही या पत्रकात.

उत्तरा: लेखीत तर पास आहे ना?

धोंडीराम: काठावर. तोंडीचं शून्य मिळवलं की घसरते. बसेल अजून एक वर्ष तिसरीत. त्यानं काही आभाळ कोसळत नाही.

उत्तरा: कोसळतं. परवा फाट्यावर तिची आई भेटली मला, भागीबाई. दिंडोरीकडून द्राक्षाच्या कामावरून परत आलीय. म्हणाली, पास झाली तर राहू दे आजीजवळ, शिकू दे. नापास झाली तर दिवाळीनंतर मी नेणार तिला संगं, धाकट्याला सांभाळायला. एकदा बागेवर गेलेली पोर परत वर्गात येऊन बसलेली पाहिलीय तुम्ही?

धोंडीराम: सव्वीस वर्षांत ना? पाहिल्यात की. दोन. नाही, एकच. दुसरी लग्नाची पत्रिका द्यायला आली होती.

उत्तरा: मग?

धोंडीराम: मग काय मग! मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण पोर माझ्या वर्गात आल्यापासून एक अक्षर ऐकलेलं नाही मी तिचं. आणि खोटे गुण मी देत नाही. सख्ख्या भाच्याला दिले नाहीत. बहीण अजून राखी पोस्टानं पाठवते.

उत्तरा: खोटे नकाच देऊ. खरे द्या. पुरावा आहे माझ्याकडे. या टेपमध्ये.

धोंडीराम: तरीच मघापासून ते यंत्र तान्ह्या बाळासारखं धरून उभ्या आहात! दर शनिवारी तुम्ही ते पोरांच्या घरी धाडता, माझा जीव टांगणीला लागतो. सरकारी वस्तू आहे, बाई. कुठं ओढ्यात पडली तर उत्तर मी द्यायचं.

उत्तरा: अजून एकदाही पडलेली नाही. काम एवढंच असतं की घरच्या कुणाला तरी काहीतरी शिकवायचं आणि ते भरून आणायचं.

धोंडीराम: ऐकलंय. त्या सुनीलनं बैलाला सातचा पाढा शिकवला.

उत्तरा: हसा तुम्ही! पण बैल कुठं हंबरला ते ऐकायला अख्खा वर्ग पाढ्यावर कान लावून बसला होता. आज कुणालाही उठवा आणि सातचा पाढा विचारा.

धोंडीराम: विचारला परवा. त्रेसष्टला सगळे हंबरतात.

उत्तरा: म्हणजे येतो ना!

धोंडीराम: येतो हो, येतो. वाजवा तुमचा पुरावा. आणि वाजवून झालं की माझी कॅसेट तेवढी काढून ठेवा. सोमवारी घोटीला गटसंमेलन आहे. सगळ्या शाळांच्या शिक्षकांना माझा आदर्श पाठ ऐकवायचाय. केंद्रप्रमुखांचा खास निरोप आलाय.

उत्तरा: हो. त्याबद्दलच.

धोंडीराम: त्याबद्दल काय?

उत्तरा: गुरुजी, तुम्ही पाणी घेता का थोडं?

धोंडीराम: बाई, मी सिन्नरकडचा, दुष्काळी भागातला माणूस आहे. पाणी मागितल्याशिवाय कुणी पुढं केलं की मला घाम फुटतो. काय झालंय?

उत्तरा: गेल्या शनिवारी टेप मैनाकडे द्यायचा होता. कोरी कॅसेट मी माझ्या पर्समध्ये ठेवली होती. दुपारची एसटी दिसली आणि मी धावत सुटले. कॅसेट पर्समध्येच राहिली. टेपमध्ये... तुमची होती.

धोंडीराम: माझी.

उत्तरा: मैनाचं सगळं तुमच्या पाठावर भरलंय. तिची चूक नाही, माझी आहे. सोमवारपासून सांगेन सांगेन म्हणतेय, धीरच होत नव्हता.

धोंडीराम: माझा पाठ पुसला?

उत्तरा: अर्धा. सुरुवातीचा.

धोंडीराम: नाशिकला प्रशिक्षणात चाळीस शिक्षकांतून माझा आवाज निवडला होता, बाई. भिंतींना गोधड्या लावलेली खोली, समोर माइक, बाहेर लाल दिवा. सव्वीस वर्षं मी फळ्यापुढे घसा ताणतोय आणि एकदा, फक्त एकदा कुणीतरी म्हणालं की गुरुजी, तुमचा आवाज छान आहे. दुसरी प्रत नाही त्याची. आमची मंडळी सणाला पाहुण्यांना ऐकवायची. आता काय ऐकवायचं तिनं?

उत्तरा: मला फार वाईट वाटतंय. अगदी मनापासून. पाया पडू का?

धोंडीराम: पाया पडून पाठ परत येणार आहे का! आणि हे शक्यच नाही. त्या कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची पट्टी मी स्वतः खिळ्यानं तोडली होती. पट्टी तोडली की त्यावर भरायचं बटण दाबलंच जात नाही. कुणी पुसू नये म्हणून तर तोडली.

उत्तरा: हे बघा. पट्टीच्या भोकात काय आहे?

धोंडीराम: हा कागदाचा बोळा कुणी कोंबला?

उत्तरा: तिनं. कागद भिजवून, घट्ट वळून, अगदी मापात. बटण दाबलं जाईना म्हणून.

धोंडीराम: तुम्ही सांगितलं असणार.

उत्तरा: मी फक्त एकदा, पावसाळ्यात, वर्गात एका जुन्या कॅसेटला असा बोळा लावला होता. कुणाला काही समजावलं नव्हतं. ती कोपऱ्यात बसून बघत होती.

धोंडीराम: पावसाळ्यात बघितलेलं, आणि आत्ता लक्षात?

उत्तरा: आत्ता.

धोंडीराम: हं. वाजवा.

उत्तरा: सेल जरा मंद आहेत. सकाळपासून उन्हात ठेवले होते, पुरतील. ऐका. घरी आजी आणि ती, दोघीच होत्या. आजीला तुम्ही ओळखता, तानुबाई.

कॅसेटमधली मैना: हं, बसा गपगार. हाताची घडी, तोंडावर बोट. आजे, बोट ठेव की तोंडावर!

कॅसेटमधली तानुबाई: ठेवलं गं माय. हे मशीन चावत नाय ना?

कॅसेटमधली मैना: वर्गात बोलायचं नाय! तर मुलांनो, आज आपण काय शिकणार आहोत? समजलं का? समजलं त्यानं मान हलवा. नाही समजलं त्यानंही हलवा.

धोंडीराम: हे कोण बोलतंय?

उत्तरा: मैना.

धोंडीराम: नाही, म्हणजे हे कुणासारखं बोलतंय?

उत्तरा: मी काही बोलत नाही बाई.

धोंडीराम: हसू नका. मी असं कधी म्हणतो?

उत्तरा: रोज. पहिल्या तासाला.

कॅसेटमधली मैना: आजे, मागल्या साली तू घोटीला जायाला निघालीस अन् कुठं गेलीस?

कॅसेटमधली तानुबाई: कसाऱ्याला. लोकं म्हणाली ती गाडी घोटीची हाय. मी बसले. रातभर ठेसनावर बसून काढली. ते नको काढू आता, लय रडले मी.

कॅसेटमधली मैना: म्हणूनशान आज आपण पाटी वाचायची. हे बघ, कोळशानं काढते भिताडावर. हा ट. कसा हाय? मासं धरायचा गळ असतो ना, तसा. गळाला दोरा बांधला, डोक्यावरून पार खाली आणला, टी झाला. काढ. तू काढ. माझा हात नको धरू, तुझा तू काढ.

कॅसेटमधली तानुबाई: माझा वाकडा आला.

कॅसेटमधली मैना: येऊ दे वाकडा. गाडीवरचा बी वाकडाच असतो. आता टीच्या आधी हा घो. ह्याला दोन वाकं, एक खांब, खांबाला टेकून अजून एक खांब, अन् त्याच्या डोक्यावर फेटा. काढ. पुस. पुन्हा काढ. आता दोन्ही बोटानं गिरव अन् सांग काय झालं.

कॅसेटमधली तानुबाई: घो. टी. घोटी? मैने, हे घोटी हाय?

कॅसेटमधली मैना: हाय की.

कॅसेटमधली तानुबाई: अगं बया! म्या वाचलं? मला वाचाया आलं?

धोंडीराम: थांबवा जरा. थांबवा.

उत्तरा: काय झालं?

धोंडीराम: काही नाही. डोळ्यात खडू गेला.

उत्तरा: आज तुम्ही फळ्यावर काही लिहिलंच नाहीत, गुरुजी.

धोंडीराम: मग कालचा असेल! बाई, मी या तानुबाईला साक्षरतेच्या वर्गात दोन वर्षं शिकवत होतो. कंदील घेऊन जायचो. अंगठ्याच्या पुढं गेली नाही ती. मी तिला अ अननसाचा सांगायचो. तिनं जन्मात अननस पाहिला नव्हता.

उत्तरा: लावू पुढं?

धोंडीराम: लावा.

कॅसेटमधली तानुबाई: मैने, एवढं चुरूचुरू बोलतीस, मंग शाळंत का गं बोलत नाय? तुझी आई काळजी करती. गुरुजी मारत्यात का?

कॅसेटमधली मैना: नाय गं. गुरुजी लय चांगले हायेत. कधी हात नाय लावला.

कॅसेटमधली तानुबाई: मंग?

कॅसेटमधली मैना: ते बोलत असत्यात ना. शाळा भरल्यापासून बोलत्यात. अन् दमले की मशीन लावत्यात, तर त्यात बी तेच बोलत्यात. मोठं माणूस बोलत असलं की मधी बोलू नये, तूच सांगतीस ना? त्यांचं सरलं की मंग मी बोलन.

कॅसेटमधली तानुबाई: अन् परीक्षंला? तवा तर त्यांनी इचारलं तुला.

कॅसेटमधली मैना: इचारलं अन् लगेच त्यांनीच सांगितलं की. आजे, बटण दाबते आता, सेल जळत्यात—

कॅसेटमधले धोंडीराम: —आणि म्हणून, मुलांनो, नीट लक्ष देऊन ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही. आपल्या जिल्ह्यात प्रमुख नद्या कोणत्या? गोदावरी, दारणा, गिरणा. त्यांपैकी गोदावरी ही—

धोंडीराम: बंद करा त्याला.

उत्तरा: केला.

धोंडीराम: मी खरंच असं केलं, बाई? परीक्षेत? प्रश्न विचारला आणि उत्तरही मीच दिलं?

उत्तरा: मी दारात उभी होते. तुम्ही विचारलंत, आपल्या तालुक्याचं नाव काय. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "इगतपुरी! एवढंही येत नाही?"

धोंडीराम: तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?

उत्तरा: तुमचं सरायची वाट बघत होते.

धोंडीराम: वा! तुम्हीही! या, या, आज सगळ्यांनी या, गुरुजींवर हात साफ करून घ्या.

उत्तरा: रागावलात?

धोंडीराम: रागावलो असतो तर बरं झालं असतं. हसू येतंय आणि लाज वाटतेय, दोन्ही एकदम. "नाही समजलं त्यानंही हलवा." काय पकडलंय पोरीनं! ते पत्रक द्या इकडे.

उत्तरा: पण गुरुजी, नियमात बसेल ना? परीक्षा शाळेत झाली नाही, तिच्या घरी झाली.

धोंडीराम: तोंडी परीक्षा भिंतीच्या अलीकडे घ्यायची की पलीकडे, असं कुठल्याही परिपत्रकात नाही. सगळी परिपत्रकं पाठ आहेत मला. मुलीनं बोलायचं आणि परीक्षकानं स्वतःच्या कानानं ऐकायचं. ऐकलं की मी. वीसपैकी अठरा.

उत्तरा: अठरा! दोन कशाचे कापले?

धोंडीराम: सरकारी भिंतीवर नाही, पण घरच्या भिंतीवर कोळसा फासला त्याचे. एवढं तरी राहू द्या माझं.

उत्तरा: भागीबाईला मी आजच निरोप देते. एसटी गेली तर गेली.

धोंडीराम: निरोप नको. एक मेला निकालपत्र तिच्या हातात मी देईन, आणि वाचून तानुबाई दाखवेल. नाव तरी वाचता येईल तिला, तोवर शिकवेल पोरगी.

उत्तरा: आणि सोमवारचं काय? गटसंमेलनात काय ऐकवणार?

धोंडीराम: हीच कॅसेट. आदर्श पाठच आहे ना हा? केंद्रप्रमुखांना म्हणावं, शिक्षक बदलला. माझी नक्कल ऐकून घोटीची मंडळी खुर्चीवरून पडतील, पडू देत. त्यांच्यातले निम्मे माझ्यासारखेच आहेत.

उत्तरा: मग हा बोळा काढून टाकते. म्हणजे मैनाचं चुकून कुणी पुसणार नाही.

धोंडीराम: नको. राहू द्या तसाच. उद्या शनिवार आहे, टेप पुन्हा तिच्याकडेच धाडा, सोमवारी घोटीला जाताना मी तिच्याकडून घेऊन जाईन. आत्ता जिथं थांबवलाय तिथंच ठेवा, म्हणावं इथून पुढं भर.

उत्तरा: इथून पुढं? गुरुजी, इथून पुढं तुम्ही आहात. तुमचा राहिलेला अर्धा पाठ आहे.

धोंडीराम: ठाऊक आहे. अजून पंधरा मिनिटं आहेत माझी. तिला सांगा, गुरुजींचं सरलं.