प्राणहितेच्या दरडीतला काळा थर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक संघप्रिया बाई आणि आलापल्ली-पोंभुर्ण्याहून उन्हातून आलेले मित्रहो,

मी नाहीद, बाईंची सहकारी. गौरवाचे शब्द बरेच झाले. मी फक्त एक दुपार सांगते. बाई, रागावू नका.

नदीच्या गाळात दबलेली पानं, बिया, कोळसा तपासून जुन्या काळी इथं जंगल होतं की मोकळं रान, हे शोधणं बाईंचं काम. वर्षानुवर्षं हिंडल्यावर त्या दुपारी, मी सोबत असताना, प्राणहितेच्या दरडीत त्यांना तो काळा थर सापडला. त्यात अख्खं पान, शिरांसकट! बाई लगेच पत्र्याच्या पेटीत थराचे नमुने भरू लागल्या.

आभाळ कोरडं होतं, पण वरच्या मुलखात पाऊस पडला असावा.

"बाई, चला आता. पाणी वाढून राह्यलं," नावाडी पोचूभाऊ म्हणाले.

"एवढी पेटी भरू द्या, भाऊ."

पोचूभाऊ पेटीला हात लावायला वाकले आणि दरड कोसळली. छातीपर्यंत गाडले गेले.

अशा वेळी माणूस काय वाचवतो? बाईंनी भरलेली पेटी उपडी केली आणि त्याच पत्र्यानं माती उपसू लागल्या.

"मले सोडून जा, बाई!"

"बोलू नका. श्वास घ्या."

वरून माती घरंगळतच होती. पाणी पोचूभाऊंच्या हनुवटीला टेकलं तेव्हा कुठं हात मोकळे झाले. काखेतून दोर घातला, ओढलं. ते निघाले आणि उरलेली दरडही नदीत गेली. थरासकट.

दवाखान्यात त्यांच्या सदऱ्याला काळी माती चिकटलेली दिसली. मी म्हटलं, "बाई, एवढी तरी तपासू ना."

"कोणत्या थराची आहे, सांगता येते तुले? नाई ना? मग धुऊन टाक."

बाईंचा शोधनिबंध अडला. पुढं दोन पावसाळ्यांनी नदीनं तोच थर खालच्या अंगाला उघडा पाडला. या वेळी बाईंनी आधी वरची सैल माती उतरवली, मगच हात घातला. गवताच्या बिया निघाल्या, पानंही गवताचीच. सागाचं एकही नाही. आज जिथं सागाच्या दाट जंगलात उन्हाची तिरीप शिरत नाही, तिथं एके काळी मोकळं माळरान होतं, हे तिथून कळलं.

त्या दिवशीही नाव पोचूभाऊंचीच होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही नावेतून उतरायचं नाई." ते उतरले. बाईंच्या शेजारी उभे राहिले आणि वर दरडीवर नजर लावून म्हणाले, "तुम्ही खोदा, बाई. मी पाहून राह्यलो."

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द उणाअधिक गेला असेल, तर आपली समजून सांभाळून घ्या.