जन्माआधीचे मोजे

माझं माहेर कोंडाण्याच्या पायथ्याला, भाताची शेती, आमी सहा भावंडं, आणि सासर दहिवली. सतराव्या वर्षी आले ती आजपर्यंत इथंच. नवरा टेंपो चालवायचा आणि मारायचा. काय सांगू तुमाला ताई, भात गार म्हणून मारायचा, भात गरम म्हणून मारायचा, एकदा टेंपोचा टायर फुटला म्हणून मारलं, आता टायरला मी काय करणार. हा दात नाय ना, तो टायरचा.

ज्या बाईंकडं भांडी घासायची त्यांनी मला सुया धरायला शिकवल्या. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा त्यांनीच पिवळी लोकर दिली, म्हटलं बाळाला मोजे करू, माझ्या हातचं काहीतरी असू दे. सासूनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. आमच्यात बाळ व्हायच्या आधी नवं काय करत नाय, बारशापर्यंत जुनेरंच, नवं केलं की नजर लागते. मी हो म्हटलं आणि लपून दुसरा मोजा विणला. सातव्या महिन्यात नवरा पिऊन आला, डाळीत मीठ नाय म्हणाला, केस धरून आपटलं आणि पोटात लाथ घातली, एक नाय, तीन. मुलगी होती. नखंसुद्धा आलेली.

आणि सगळी म्हणाली, मोज्यांनी खाल्ली. सासू म्हणाली, शेजारणी म्हणाल्या, माझी आई आली तीपण म्हणाली, कशाला केलंस गं. आणि ताई, मीपण तेच धरून बसले. लाथ रोजची होती ना, तिचं कोण धरतंय, मोजे तेवढे नवीन होते. चुलीत घातले, सुया बाईंना परत दिल्या.

मंग महेश झाला. नवरा दारूनंच गेला. महेशचं लग्न केलं, सून रूपाली, शिळफाट्याची, तोंडाची फटकळ पण गुणाची. यंदा तिला सातवा लागला. एका सकाळी ती आईशी फोनवर बोलत होती, महेशनं हाक मारली, ती थांबा म्हणाली, एवढंच. यानं फोन भिंतीवर मारला, तिला केसाला धरून खाली पाडलं आणि पाय उचलला. मी भाकरी थापत होते. तो पाय बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं, मोज्यांनी नाय खाल्ली गं, मोज्यांनी नाय.

कोपऱ्यात मुसळ होतं, दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या नडगीवर घातलं. ओला वासा मोडावा तसा आवाज आला. आई, लागलं, असं ओरडला. तिलापण लागलं असतं रं, म्हटलं आणि परत उचललं. रूपालीनं हात धरला म्हणून, नायतर दुसरा पाय राहिला नसता, खोटं कशाला सांगू.

शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं, मी तिला रिक्षात घालून माहेरी सोडलं. आता प्लास्टर घालून पडलाय, भूक लागली की ताट वाजवतो. वाजव म्हणावं.

मंग लोकर आणली, हिरवी. टाच वळवायची विसरले होते, चारदा उसवली. काल नेऊन दिले. विहीणबाई दारातच म्हणाल्या, अहो, बाळाच्या आधी नवं नको घरात. मी म्हटलं, विहीणबाई, माझी पोर लाथेनं मेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं. त्या बाजूला झाल्या. रूपालीनं मोजे घेतले, दोन बोटं आत घालून बघितली, म्हणाली, आत्या, एक मोठा झालाय. झालाय खरा.

महेश विचारतो, बायको कधी येणार. म्हटलं, तिला विचार. तिची सुखरूप सुटका होऊ दे, आणि नायच यावंसं वाटलं तिला इकडं, तर मी जाईन बाळाला बघायला. दारातून रिक्षा मिळते.