कॉलरचा चिमटा

— नाही नाही, तू बस, चहा मीच आणते, ठेवलाय केव्हाचा — आणि माझ्या कॉलरकडे काय बघतेयस? चिमटा होय! कपडे वाळत घालताना राहिला असेल, राहू दे. तर काय सांगत होते? हां, आमची भिंगरी. माझ्या लेकाला घरात भिंगरीच म्हणतात, तुला सांगितलं नसेल, लाजतो. लग्न करायला निघालाय तुझ्याशी आणि लाजतो! परवा डॉक्टरांनी काय सांगितलं तेही बोलला नसेल — नाही ना? मला दहादा बजावून गेलाय, आई, तू एक अक्षर बोलू नकोस, मी स्वतः सांगणार. म्हणून मी काही बोलणार नाही. एडीएचडी.

घाबरू नकोस, संसर्गजन्य नाही. लक्ष एका जागी टिकत नाही, एवढंच. मोठ्यांनाही असतं म्हणे — फक्त लहानाला खोडकर म्हणतात आणि मोठ्याला बेजबाबदार. एवढा घोडा झाला, नोकऱ्या गेल्या, स्कूटर दोनदा ठोकली, रात्रीची झोप नाही — आणि आम्ही आपले म्हणतोय, जरा मन लाव रे, मन लाव! डॉक्टर म्हणाल्या, हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. मी म्हटलं, येणारच, बापावर गेलाय.

हसतेस काय? त्याचे बाबा म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस, आयुष्यात कधी छत्री हरवली नाही — पण आतून असेल ना काहीतरी! माझ्याकडून कुठून येणार? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, चांगली तीन वर्षं — बरं, आठ महिने. एका बाईला घटस्फोटासाठी वकील हवा होता, मी फोन जोडून दिला सुताराला. पुढे लग्न केलं दोघांनी! मला आमंत्रण होतं, जायची विसरले. — कसला वास येतोय गं? अगं बाई, चहा! ... गेलं भांडं. जाऊ दे, नाहीतरी उकडतंयच. तू त्याला फोन लाव, कुठे उलथलाय विचार. लाव ना. — ऐक! कांद्याच्या टोपलीत वाजतोय. इथेच विसरून गेला. बापावरच गेलाय, दुसरं काय.

बाबा? ते बहिणीकडे गेले, चार दिवस म्हणून. छत्री घेऊन गेले. आलेच नाहीत. जाताना म्हणाले, तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे रोज घर नव्यानं शोधायचं. खोटं नव्हतं गं ते. पण मी मुद्दाम नव्हते करत! डॉक्टरांनी लेकाला विचारलं, तुम्ही लक्षात कसं ठेवता? हा म्हणतो, आई शाळेत पाठवताना कॉलरला चिमटा लावायची, काही निरोप असला की. स्वतःलाही लावते. तर त्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, त्याला तपासा! घरी येऊन मात्र रडले मी. वेंधळी, धांदरट, बेफिकीर — जन्मभर ऐकलं, खरंही मानलं. म्हणून सांगते पोरी, तुला जायचं असेल तर आत्ताच जा. त्याच्या बाबांसारखं अर्ध्यावर नको. त्याला नाही झेपायचं ते. मलाही नाही.

परत चिमट्याकडे बघतेस? सांगितलं ना, कपडे वाळत — आज कपडे धुतलेच कुठे मी? अगं बाई! ग्रंथालयाच्या पायऱ्या! पाच वाजता! तू आलीस की दारातच सांगायचं होतं, तो तिथे थांबलाय म्हणून — माझ्यासमोर त्याला बोलता येत नाही ना! जाताना त्यानेच लावला हा चिमटा, स्वतःच्या हाताने. किती वाजले? सहा? अरे देवा, त्याला वाटेल मी सगळं बोलले आणि तू पळालीस. ऊठ! हसतेस काय बाई, ऊठ! आणि तो सांगायला लागला की जरा चकित झाल्यासारखं कर, मी काही बोललेले नाही. उशीर का झाला विचारलं तर म्हणावं, आई. बस्स, एवढंच म्हण, त्याला कळेल. आणि म्हणावं, बापावर — नाही. म्हणावं, आईवर गेलायस. पळ आता. ही छत्री तुझी का? नको, नेऊ नकोस. राहू दे इथेच. जा!