आमच्या सांतोलानची बुटकी कमान

...नाही, मी म्हणते, बांधतानाच एवढी खाली बांधायची कशाला? विचारलं मी. तोंडावर विचारलं. तर मानोंग एलेउतेरियो... आमच्यात दादाला मानोंग म्हणतात, ताईला मानांग... मला म्हणतो काय, "मानांग ओनोर, तुम्ही जरा भोजन समितीत लक्ष घाला." भोजन समिती! भोजन समिती म्हणजे मी एकटी हो! शेवया मी परतायच्या, भात मी शिजवायचा, पातेली मी घासायची, आणि फोटोच्या वेळी म्हणायचं, मानांग, जरा बाजूला व्हा, एप्रन दिसतोय.

बसा, बसा तुम्ही. जत्रेला आलेले पाहुणे ना? मग बसाच. डुक्कर अजून भट्टीतून यायचंय, बँडवाले कुठेतरी वाटेत अडकलेत, आणि आतल्या खोलीत आमचे तिन्ही अध्यक्ष एका टेबलाशी बसलेत, त्यामुळे जेवण काही लवकर मिळत नाही. हो, तिन्ही! गाव एक, सांतोलान, तिकडे समुद्रापलीकडे मायदेशी. गावात रस्ता एक, चर्च एक, गावचा देव संत रोके एक आणि त्याचा कुत्राही एक. पण इथे परदेशात, वायपाहूत, त्या एवढ्याशा गावाची मंडळं तीन. मी तिन्हींची सभासद, कारण तिन्हींना जेवायला लागतं.

तुम्हाला सांगते, सुरुवात अशी नव्हती. इथे उसाचे मळे होते तेव्हा आमच्या गावचे पुरुष आले, कोणी बायको मागे ठेवून, कोणी लग्नच न करता. त्यातला एक मेला. आता रक्ताचं माणूस समुद्रापलीकडे, पुरणार कोण? तर क्रिस्पुलो म्हणून एक होता... मी पाहिला तेव्हा पार वाकलेला म्हातारा, पण तेव्हा तरुण असणार... त्यानं डोक्यावरची गवती टोपी काढली आणि मळ्यातल्या खोल्या-खोल्यांतून फिरवली. ज्याच्या हातात जे होतं ते टोपीत पडलं. मेलेल्याला पेटी मिळाली, पाद्री मिळाला, रात्र जागवायला आलेल्यांना कॉफी मिळाली. झालं आमचं मंडळ! पुढे कोणी आजारी पडलं, टोपी. गावात वादळ झालं, टोपी. आणि अध्यक्ष कोण? कोणी नाही. टोपी!

मग आला एलेउतेरियो. गावाकडे मास्तर होता, मला चौथीत शिकवायला तोच होता आणि चौथीनंतर मी शाळा सोडली, आता काय ते तुम्हीच समजा. आला आणि म्हणाला, टोपीवर मंडळ चालत नसतं, घटना पाहिजे. लिहिली घटना. मग निवडणूक. मग एक अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, एक प्रसिद्धीप्रमुख, एक शिस्तप्रमुख... कसली शिस्त? सभेला येणारे सगळे पदाधिकारीच, शिस्त लावायची कुणाला? छातीवर तिरके पट्टे, हात वर करून शपथा, स्मरणिका, तिच्यात रंगीत फोटो. आणि अध्यक्ष कोण? मानोंग एलेउतेरियो.

आता अध्यक्ष झाला म्हणजे गावासाठी काहीतरी करायला पाहिजे. गावाला काय हवं होतं? दवाखाना. गावानं तसं कळवलंही. तर हा म्हणतो, दवाखाना आत असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. कमान बांधू. बांधली! गावाच्या तोंडाशी, एकुलत्या एका रस्त्यावर, दोन्हीकडे भातखाचरं, मधोमध कमान. "सांतोलानमध्ये सुस्वागतम्", आणि खाली देणगीदारांची नावं. गवंड्यानं विचारलं, किती उंच करू? एलेउतेरियो म्हणाला, उंचावरची नावं वाचणार कोण? खाली घे. अजून खाली घे. एवढी खाली घेतली, एवढी खाली घेतली, की मिरवणुकीत संत रोकेचा रथ त्यातून जाईना! अजूनही दर वर्षी कमानीपाशी थांबतात, देवाच्या डोक्यामागचं सोनेरी चक्र उपसून काढतात, देवाला आडवा धरतात आणि पलीकडे गेल्यावर परत उभा करतात. देव काही बोलत नाही. तो काही मंडळाचा सभासद नाही ना!

माझंही नाव आहे हं कमानीवर. डाव्या खांबावर, सगळ्यांत खाली, जिथे बकऱ्या अंग घासतात. "भोजन: ओनोराता."

बरं, कमान झाली, कौतुक झालं, स्मरणिका निघाली. आणि स्मरणिकेत मानांग पेर्पेतुआचा फोटो आला अर्ध्या पानाचा. पेर्पेतुआ म्हणजे एलेउतेरियोच्या बायकोची सख्खी बहीण, पहिली उपाध्यक्ष. तिनं स्मरणिका उघडली, पान पाहिलं, मिटली. आणि अगदी हळू आवाजात... ती रागावली की हळू बोलते, तेव्हाच मी पातेली आवरायला घेतली... म्हणाली, "भावजी, उरलेली अर्धी मी कुठे गेले?" छापखान्याची चूक, तो म्हणाला. छापखान्याची नाही, ती म्हणाली, आणि महिना संपायच्या आत दुसरं मंडळ! तीच घटना, वरचं नाव खोडून. आणि अध्यक्ष कोण? मानांग पेर्पेतुआ. पहिल्या पानावर फोटो, पूर्ण पानाचा, कडेला गुलाब.

तिनं काय दिलं गावाला? अँब्युलन्स! इथली जुनी घेतली, रंगवली, बोटीनं धाडली. दोन्ही बाजूंना सभासदांची नावं, मागच्या दारावर नावं, खिडकीच्या काचांवरसुद्धा नावं, आत बसलेल्या माणसाला गाडी कुठे चाललीय ते दिसायचं नाही. बंदरावरून आली वाजतगाजत, शाळेची पोरं रस्त्याला उभी... आणि कमानीपाशी थांबली. मावेना! वरचा दिवा काढला. मावेना. तेव्हापासून अँब्युलन्स कमानीच्या बाहेर भातगिरणीच्या छपरात, आणि आजारी माणसं कमानीच्या आत!

तुम्ही म्हणाल, खालचा रस्ता खणा. मीही तेच म्हटलं. पण तोवर एलेउतेरियोचा धाकटा भाऊ बोनिफासियो रुसला होता. कायम उपाध्यक्ष, कधी अध्यक्ष नाही. काढलं त्यानं तिसरं, "सांतोलान तरुण मंडळ". तरुण! गुडघ्याची वाटी बदललेला माणूस! आणि त्यानं काय केलं, बरोब्बर कमानीखालचा रस्ता सिमेंटचा केला, सिमेंट ओलं असताना सभासदांची नावं त्यात उठवली. आता वर हात लावायचा तर एलेउतेरियोची नावं, खाली खणायचं तर बोनिफासियोची नावं, मध्ये पेर्पेतुआची नावं अडकलेली!

हसताय? हसा. मीही हसत होते... गेल्या पावसाळ्यापर्यंत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला धाप लागली. आई एकटी असते तिथे, मी इथे हॉटेलात परक्यांच्या चादरी बदलते. शेजारणीनं गिरणीत निरोप धाडला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर साबास, बिचारा भला माणूस. त्यानं विचार केला, म्हातारीला एवढ्या लांब कशाला आणवायचं, आज गाडी आतच नेतो. चारी टायरांतली हवा सोडली आणि गाडी हळूहळू कमानीखाली घातली. अर्धी गेली. आणि अडकली! पुढे नाही, मागे नाही. रस्ता बंद, दोन्हीकडे खाचरं पाण्यानं तुडुंब. आता माझी आई खुर्चीवर, चार माणसांच्या खांद्यावर, ओठ निळे पडलेले, आणि समोर ही रंगवलेली गाडी बुचासारखी बसलेली! शेवटी काय केलं, आईला ड्रायव्हरच्या दारानं आत घेतलं, आतून सरकवत सरकवत मागच्या दारानं बाहेर काढलं, आणि भाजीच्या जीपमध्ये कोबीवर निजवून इस्पितळात नेलं. पेर्पेतुआनं पुढच्या स्मरणिकेत छापलं, "आमच्या अँब्युलन्समधून पहिला रुग्ण सुखरूप इस्पितळात."

वाचली हो, वाचली. पण डॉक्टरनं सांगितलंय, पुन्हा होणार. तेव्हा कोबीची जीप असेलच असं नाही.

म्हणून मी ठरवलं. ह्या वर्षीच्या जत्रेला तिन्ही मंडळांना कळवलं, एकाच सभागृहात यायचं, नाहीतर माझ्या हातच्या शेवया कोणालाच नाहीत. आले! घटना कितीही लिहा, भुकेपुढे सगळे सभासद. सकाळी तिघांना त्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, कमान पाडायची. एलेउतेरियो म्हणाला, त्यावर मेलेल्यांचीही नावं आहेत, घरच्यांची संमती लागेल. मी म्हटलं, संमती मी आणते. आठवडाभर दारोदार फिरून आधीच आणली होती! पेर्पेतुआ खूश, कमान पडतेय म्हणून. बोनिफासियो खूश, भावाची पडतेय म्हणून. एलेउतेरियोनं चष्मा काढून पुसला. मग मास्तरच्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांची संमती आहे, तर पाडा. फक्त तुमच्या आईलाही एकदा विचारा." मला वाटलं, वेळ काढतोय मेला. तिथल्या तिथे फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

म्हटलं, आई, कमान पाडतोय. तुझ्यासाठी.

फोनात नुसती घरघर आली. मला वाटलं धाप लागली. मग म्हणाली, "ओनोर, कमानीला हात लावशील तर याद राख."

म्हटलं, अगं, जीव जायची वेळ आली होती तुझा!

"माझा जीव माझ्याजवळ आहे. तुझं नाव त्या खांबावर आहे. रोज संध्याकाळी मी स्टूल घेऊन तिथे बसते, बकऱ्या हाकलते, ओल्या फडक्यानं पुसते. तू येतेस चार-पाच वर्षांनी एकदा, पेटीभर साबण आणतेस आणि जातेस. ते नाव रोज असतं. ते पाडलंस तर मी संध्याकाळी बसू कुठे?"

आता बोला! बोनिफासियो छताकडे बघायला लागला. आणि मी... मी भोजन समिती, मला डोळे पुसायला एप्रन होता.

म्हटलं, मग आई, करू काय मी? तर म्हणाली, वरचं काय उचलायचं ते उचला, खालचे खांब हलवायचे नाहीत. आणि फोन ठेवला. चौथीही न शिकलेली बाई, पण तिची घटना बघा, एका ओळीची!

झालं, ठरलं, वरची कमान कापायची, खांब वाढवायचे, ती उंच चढवायची. अँब्युलन्स जाईल, देव उभा जाईल. मला वाटलं मिटलं. पण नाही ना! एलेउतेरियोच्या ध्यानात आलं, वर गेलेली नावं आता कोणाला वाचता येणार नाहीत. वाचता येणार ती फक्त खांबाच्या बुडाशी... म्हणजे माझं! तर आता तिघांनाही बकऱ्यांच्या जागेवर नाव हवंय! पेर्पेतुआ हळू आवाजात बोलायला लागलीय. आणि काम कुठल्या मंडळाच्या नावानं करायचं? पहिल्याच्या केलं तर दुसरं पाना देणार नाही, दुसऱ्याच्या केलं तर तिसरं शिडी देणार नाही. तासभर तेच. शेवटी माझं डोकं फिरलं, मी टेबलावर डाव आपटला आणि म्हटलं, तिघांच्याही नावानं नको, माझ्या आईच्या दमाला तुमच्या फोटोंसाठी थांबता येत नाही, काढा एक वेगळंच मंडळ त्या कामापुरतं!

तिघांनी टाळ्या वाजवल्या. तिघांनी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकत्र.

काढलं. चौथं. "सांतोलान कमान उंचावणी मंडळ". उपाध्यक्ष तिघं, सारख्या मानाचे. आणि अध्यक्ष कोण?

...मी.

आता काय करता. ते बघा, डुक्कर आलं, चला, ताटं घ्या. आणि तो फोटोवाला दिसला तर इकडे पाठवा जरा. नाही, मला कसली हौस आहे हो, पण त्याला आत्ताच सांगून ठेवते, अर्ध्या पानाचा मी चालवून घेणार नाही.