डोक्यावर चालतं, ओठांना नाही!

मांडवात जमलेल्या मंडळी, कीर्तनाच्या सुरुवातीला एकच प्रश्न विचारते. आधी ऐका, मग माना हलवा! बायबलातली, शोमरोन प्रांतातली विहीर. भर दुपार. दमलेल्या येशूनं एका शोमरोनी बाईकडे — यहुदी ज्यांच्या भांड्याला शिवत नसत, त्यांतली ती — प्यायला पाणी मागितलं. बरोबर? मग सांगा — त्याला ते मिळालं का?

मिळालं म्हणता? कुठे लिहिलंय? घरी जाऊन शोधा! जिवंत पाण्याचं बोलणं झालं, बाई घडा तिथेच टाकून गावाकडे धावली — पण प्रभूनं घोटभर पाणी घेतलं, असं कुठेच नाही! तबलावाले काका, हसू नका, तुम्हीही 'मिळालं'च म्हणालात!

का नसेल मिळालं? ऐका तर मग अनशाबाईची गोष्ट.

माळावरचं एक गाव. छोटंसं चर्च. दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं — 'तहानलेल्यांनो, या!' आणि त्याच दाराबाहेर, पायरीवर, पोतं टाकून बसायची अनशाबाई. बाहेर का? आपले आजे-पणजे ज्या आळीतून प्रभूकडे आले ना, तिच्याही पलीकडची तिची आळी! कळलं? कळलंच असणार — लगेच खाली बघायला लागलात की!

ही बाई चर्चचं अंगण झाडायची, हापशावरून हंडा भरून दाराशी ठेवायची. आणि वर्षानुवर्षं एकच मागणं — "पंच, मला बाप्तिस्मा द्या."

चर्चचे पंच शमुवेलराव म्हणायचे, "बघू की अनशे! घाई काय? देव कुठे पळून चाललाय?"

देव नाही हो पळत. आयुष्य पळतं!

शेवटी पंचांनी होकार दिला आणि तिच्या बाप्तिस्म्याचा रविवार उगवला. अनशाबाई नवं लुगडं नेसून पायरीवर. तालुक्याहून पाळकसाहेब आलेले. आधी पंचांच्या नातवाचा बाप्तिस्मा. साहेबांनी वाडग्यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर घातलं, बाळानं टाहो फोडला, आजोबांनी डोळे पुसले. मग प्रवचन — तेच, विहिरीचं! मे महिना, वरचे पत्रे तापलेले, साहेब रंगात आलेले. "आणि प्रभू म्हणाला, बाई, मला प्यायला —"

ठसका! डोळ्यांत पाणी, तोंड लाल! "पाणी... पाणी!" तांब्या रिकामा.

अनशाबाई उठली. हंड्यातून पेला भरला आणि जन्मात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला.

"थांब!" पंच ओरडले. "सूनबाई, घरून बाटली आण, पळ!" मग साहेबांच्या कानाशी, अगदी गोड आवाजात — "आमच्यात भेद नाही हो, साहेब. पण तुमचा घसा नाजूक. तिच्या हंड्यातलं पाणी जड पडतं."

जड! मंडळी, गावात हापसा एकच!

साहेब खोकतायत. पेला हातभर अंतरावर. काय केलं असेल त्यांनी? सगळं समजत होतं हो त्यांना! पेल्याकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं... आणि बाटलीची वाट पाहिली.

अनशाबाई हळूच म्हणाली, "साहेब, मघाशी लेकराच्या डोक्यावर घातलंत, ते याच हंड्यातलं."

ऐकलंत? डोक्यावर चालतं! ओठांना नाही!

बाटली आली. साहेब प्याले. घसा मोकळा झाला आणि प्रवचन पुरं झालं — जिवंत पाणी, सर्वांसाठी, फुकट! सगळे म्हणाले आमेन. खणखणीत!

"आता अनशाबाईंनी पुढे यावं," साहेब म्हणाले.

कोण येणार? पायरीवर नुसतं पोतं. हंडा नाही. वाडगं कोरडं. सूनबाई धावली, वाटेत गाठलं तिला. "मावशी, चला ना! साहेब थांबलेत. पाणी घेऊनच चला!"

अनशाबाईनं काखेतला हंडा सावरला. "नको, बाई. जड पडेल."

आणि गेली. ती विहिरीवरची बाई घडा टाकून गावाला प्रभूकडे घेऊन आली. ही हंडा घेऊन चर्चपासून दूर गेली. आणि प्रभू? आत बसून आमेन ऐकत राहिला असेल? मला नाही वाटत! गेला असेल तिच्या मागोमाग. तहानलेला.

क्रुसावर तो तहान लागली म्हणाला, तेव्हा शिपायांनी आंब — आंबलेला द्राक्षारस — दिली. केवढा राग येतो आपल्याला त्या शिपायांचा!

काका, तबला थांबवा. माझाही घसा सुकलाय. ही पुढ्यात ठेवलेली बाटली उचला. मांडवाच्या दाराशी हंडा आहे. कुणाच्या हातचा, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातलं द्या मला. आणि मी प्याले की तोच पेला भरून पुढे फिरवा.

बघू, कुठल्या रांगेपर्यंत पोचतो.