लॉनीच्या अंगातला भाडेकरू

—नाही नाही, तिथं नको, ह्या बाजूला बस, माझ्या उजवीकडे. डाव्या कानानं मला काही ऐकू येत नाही. तसं तुला बोलायचंय कुठं म्हणा! नियम माहितीय ना — ‘ग्रेव्हर्स रन’ ही मालिका पहिल्यांदा बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बघायचं, रडायचं, खायचं. हे घे, पेपरोनी घातलेले पाव, सकाळी मीच भाजलेत, दरवर्षी ह्या भागाच्या दिवशी भाजतो. पण काय रे, उत्तर मात्र पक्कं पाठ होतं तुझं! ओसरीवर खाणीतला दिवा टांगलेला दिसला की मालिकेच्या कुठल्याही चाहत्यानं यावं, मी आतून विचारणार ‘खाली कोण आहे?’ आणि बाहेरच्यानं म्हणायचं ‘माझा भाऊ’ — आणि तू ते असं काही म्हणालास ना, मी म्हटलं हा आपल्यातलाच. कुणी शिकवलं? … बहिणीनं? बघ! मग तिलाही घेऊन यायचंस की! दरवर्षी ह्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, पलीकडची बेट्टी-जो येते, खाणीतली पोरं येतात, जमिनीवर बसतात. ह्या वर्षी कुणी फिरकलं नाही. आज हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस ना, शाळासुद्धा बंद, अख्खं गाव डोंगरात. ऐकलास? हा बघ, आणखी एक बार. आज दिवसभर हेच, कितीही आवाज आले तरी कुणी मान वर करत नाही. तूही शिकारीलाच निघालायस ना? गाडीत बंदूक बघितली मी तुझ्या. जाशील रे, हरणं काय पळून जातायत! आधी हे बघ.

थांब, इथं थांबवतो, हे समजलं नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. हा दाढीवाला एसा ग्रेव्हर, थोरला. तो गोरागोमटा, तो लॉनी, त्याच्या पाठचा. बाप खाणीच्या स्फोटात गेला, आईनं हाय खाल्ली, लॉनीला एसानंच वाढवलं. आणि त्या बंद पडलेल्या खाणीतून जे काही वर येतं — मेलेलं, अर्धवट मेलेलं — ते हे दोघं मारतात. तर ह्या भागाच्या आधी लॉनी एकटाच खाली उतरतो, आणि वर येतो तेव्हा त्याच्या अंगात भूत राहायला आलेलं असतं. आम्ही चाहते त्याला ‘भाडेकरू’ म्हणतो. दिसायला लॉनी, हसायला लॉनी, पण डोळे — बघ बघ, आत्ता, डोळे बघ! गेला. लॉनी गेला, आता हा भाडेकरू. आणि स्वयंपाकघरात ती पोरगी बसलीय, त्याची मैत्रीण, तिला बिचारीला काही पत्ताच नाही. बघवलं नाही तर डोळे मीट. मी नाही मिटत. तो तिचे केस धरतो आणि तोंड टेबलावर आपटतो, परत आपटतो, ती टेबलाची कड पकडते, तो बोटांवर बूट हाणतो, परत आपटतो — आणि आवाज ऐक, ओलं लाकूड फोडल्यासारखा. हा आवाज ह्यांनी बरोबर धरलाय बघ. बाकी मालिकांत असा नसतो, त्यात नुसतं धपधप… मला कसं माहीत म्हणजे? असंच. आणि तू बोललास! नियम मोडलास!

बरं, जाऊ दे, आता बघ, आता एसा येतो. भाऊ रक्तात बसलाय, शेजारी पोरगी पडलीय, दुसरा कुणी असता तर जागेवर गोळी घातली असती. आणि हा काय करतो? काखेत हात घालून भावाला उठवतो, नळापाशी नेतो आणि त्याचे हात धुतो. एकेक बोट करून धुतो रे! आणि म्हणतो, ‘हे तू नाही केलंस.’ … झालं. मी गेलो. दरवर्षी इथं मी जातोच, हा हात बघ माझा, काटा आलाय. हे तू नाही केलंस! भाऊ म्हणतात तो ह्याला. जगानं लाथाडलं तरी आपल्या पाठच्याला आपण पाठीशी घालायचं नाही तर कुणी घालायचं? … एकच चूक आहे ह्या प्रसंगात, मी त्यांना कळवणार होतो एकदा — वाफ दिसतेय ना नळाला? गरम पाणी घेतलंय. गरम पाण्यानं रक्त जात नाही, उलट धरून बसतं. गार लागतं. आणि नखांत गेलेलं ब्रशशिवाय निघत नाही, तो बोंबलतो, तरी धरून ठेवायचा हात. आणि बोटाच्या पेरात दाताचा कपचा घुसलेला असला तर तो चिमट्यानं काढावा लागतो, नाहीतर पिकतं… पाव संपला की तुझा! घे, लाजतोस काय.

कान? कान असाच गेला. पडलो. … बरं, पडलो नाही, आता तू घरचा झालास तर तुझ्याशी काय लपवायचं — आमच्या हॉलिसनं गाडीच्या जॅकचा दांडा मारला. हॉलिस म्हणजे माझा पाठचा. मला ‘बब्बा’ म्हणतो, आमच्याकडे थोरल्याला तेच म्हणतात. चांगला आहे रे तो, लहानपणी मांजराचं पिल्लू मेलं तर दोन दिवस जेवला नव्हता. पण त्याचे डोळे बदलतात. हे मी ही मालिका बघायला लागलो तेव्हा मला कळलं, देवाशपथ, तोवर मला वाटायचं माझाच भाऊ मला मारतोय! पहिल्यांदा लॉनीचे डोळे फिरलेले बघितले आणि मी खुर्चीतून उठलो. म्हटलं हेच! हा हॉलिस नाहीच, हा भाडेकरू आहे. तुला सांगतो, त्या दिवशी इतकं हलकं वाटलं ना मला. मग त्यानं हा हात मोडला तेव्हा मी त्याच्यावर रागावलोसुद्धा नाही. बसून राहिलो, म्हटलं जाईल आता, येईल माझा हॉलिस परत. येतो ना तो! रडतो, पाय धरतो. शॉनाला मात्र हे कधी पटलं नाही. शॉना त्याची बायको, तू बसलायस तिथंच बसायची ती दरवर्षी, पाय वर घेऊन, ही मालिका माझ्याइतकीच पाठ तिला. आणि गेल्या वर्षी ह्याच प्रसंगाला सगळ्यांसमोर म्हणाली, ‘बब्बा, भाडेकरू वगैरे काही नसतो. तो लॉनीच आहे.’ सगळे हसले. मी पण हसलो. हॉलिस तिथं दाराशी उभा होता, तो नाही हसला.

तर त्या शॉनाचं… काय सांगू. झालं काहीतरी त्यांच्यात, गेल्या आठवड्यात. आता तू म्हणशील बाईवर हात — मला माहितीय, मला सगळं माहितीय, मी गेलो होतो ना त्या घरी. त्या टेबलाकडे मी बघितलं. जबडा जागेवर नव्हता तिचा. रुग्णवाहिका मीच बोलावली, हे लक्षात घे, मीच. पण आधी त्याला काढला तिथून. बब्बा, मी काय केलं, बब्बा, मी काय केलं, एवढंच म्हणत होता, आणि मी काय म्हणालो असेन? तूच सांग. … हां, तेच. तेच म्हणालो. आणि शेरीफची माणसं दोनदा येऊन गेली, इथंच बसली, म्हणाली कुठंय तो? म्हटलं मला काय ठाऊक, ओहायोकडे गेला असेल. मी मेलो तरी सांगायचा नाही. एसा नाही का, अख्खं गाव उलटलं तरी भावाला खाणीत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या खोलीत लपवतो? आमच्याकडे पंख्याची खोली नाही, आमच्या आजोबांची शिकारीची खोपी आहे. पण ती जागा कुणाला सापडायची नाही, लॉरेल ओढ्याच्या वर कोण जातंय! त्या पत्र्याच्या चर्चमागं गाडी ठेवायची आणि वाटेवर लावलेली साखळी ओलांडून ओढ्याच्या कडेनं चढत राहायचं, माझ्या गुडघ्यांचा जीव जातो रे, एका हातात त्याचं जेवण, एका हातात काठी. दिवसाआड जातो. एवढं कोण करतं भावासाठी?… हे मी तुला सांगायला नको होतं. पण तू काय, परका माणूस, तुला काय करायचंय.

श्श, आला, आला तो प्रसंग! आता बोलू नको. खाणीचं तोंड, आत लॉनी, दारात एसा एकटा. आणि समोरून बघ — मशाली, कुऱ्हाडी, साखळ्या. ‘त्याला बाहेर काढ.’ एसा काय म्हणतो? आपण सगळे एकदम म्हणतो हे, म्हण माझ्याबरोबर — ‘आधी माझ्यावरून जा!’ … आणि ठो! तो लाल टोपीवाला पहिला, थेट तोंडात, अर्धं डोकं मागच्या माणसाच्या अंगावर! खोलीत नुसत्या शिट्ट्या वाजतात इथं. मग तो म्हातारा, मग ते दोघं, आणि एसा रडतोय बघ, गोळ्या घालतोय आणि रडतोय, भावासाठी माणूस काय होतो बघ— काय? मागं घेऊ? कुठवर? … लाल टोपीवाला? तो कोण? अरे तो कुणीच नाही. त्याला नावसुद्धा नाही, शेवटी नावं येतात त्यात ‘लाल टोपीवाला’ एवढंच येतं. एकच वाक्य आहे त्याला, गोंगाटात ऐकूही येत नाही, थांब, आवाज वाढवतो… ‘ती माझी बहीण होती.’ हां, बरोबर, त्या स्वयंपाकघरातल्या पोरीचा भाऊ असणार. … खरंच की. इतक्या वेळा बघितलं, हे माझ्या कधी— आपण त्याच्यावर शिट्ट्या वाजवतो.

तू रडतोयस होय? पहिल्यांदा बघताना होतं असं. पण सगळे एसासाठी रडतात आणि तू… काय म्हणालास? … कोण गेलं? … नाही, नाही, ती शुद्धीवर आली होती, बेट्टी-जोनं सांगितलं मला, नळीनं सूप घेत होती म्हणे. … काल सकाळी? … शॉना? शॉना गेली? आणि तुला हे कसं— थांब. बोलू नको. टोपी काढ जरा. … अरे देवा. तेच कपाळ. तिचा ओहायोचा भाऊ तू. ज्याच्यासाठी ती दरवर्षी इथून जाताना पाव बांधून न्यायची, म्हणायची, माझ्या धाकट्याला आवडतात, तो तू. आणि मी वेड्यासारखा तुला आवाजाचं सांगत बसलो. टेबलाचं. दातांचं. तू खात होतास आणि मी तुला दातांचं सांगत होतो. थोबाड का नाही फोडलंस माझं? मी फोडलं असतं.

बस. बस म्हटलं ना, भाग संपला नाही अजून. … बरं, उभा राहा. हा बघ, मीही उभा राहिलो. दारात उभा राहिलो, बघ, एसासारखा. आधी माझ्यावरून जा! … हसू नको. हसला नाहीस? बरं. मी केवढा आहे बघ, मला ढकलल्याशिवाय तुला जाता यायचं नाही. ढकल. … अरे ढकल ना! एक ठेवून दे, पाड मला खाली, म्हणजे मी म्हणू शकेन की मी अडवलं, मी केलं माझ्याकडून, मला पाडून गेला. नुसता उभा काय राहतोस? तुझे डोळे तर तसेच आहेत. जरासुद्धा बदलले नाहीत. … तिचे होते तसेच. माझ्यावर तिनं कधी आवाज चढवला नाही रे. ह्या मोडक्या हाताला पट्टी बांधायची आणि म्हणायची, बब्बा, आज ना उद्या तो आपल्यातल्या एकाला मारणार. मी म्हणायचो, तो नाही, भाडेकरू. तोच होता. दरवेळी तोच होता, मला काय कळत नव्हतं होय? मी त्याचे हात धुतले आणि ती तिथं जमिनीवर श्वास मोजत होती. आधी तिच्याकडे जायचं होतं. आधी तिच्याकडे.

झालो बाजूला. … हो, झालो. मला हात लावायची गरज नाही तुला. माझी गाडी कालपासून बिघडलीय, फोन तिथं वर खोपीत लागत नाही, मी कुठं जात नाही, इथंच बसतो. तिथं कुत्री आहे, म्हातारी, भुंकेल थोडी, तिला काही करू नकोस, ती त्याची नाही, माझी आहे. आणि दार ओलीनं फुगलंय, नुसतं ढकलून उघडत नाही, खांदा लावून जरा वर उचलावं लागतं. त्याचा आवाज होतो. त्याला वाटेल मीच आलोय जेवण घेऊन. आतून ‘बब्बा’ म्हणून हाक मारेल. ओ देऊ नकोस. … जा आता.