हरवलेल्या चेनींच्या फायली करू का?

नाही पण मला सांगा, दुरुस्त करायचं नसेल तर चूक दाखवायचीच कशाला? रोज सकाळी बटण दाबलं की आमच्या घरचा काँप्युटर आधी स्वतःचीच तपासणी करतो, पोटातल्या पोटात घरघरतो, आणि मग पडद्यावर इंग्रजीत लिहून दाखवतो की बाई, डिस्कमध्ये चुका सापडल्यात, पण मी त्या दुरुस्त करणार नाही. झालं. पुढे गप्प! अहो, 'तुझ्या पोळीला पदर सुटत नाही हं' एवढं सांगून चालू पडणारी माणसं कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर आहेत, त्यासाठी मशीन कशाला आणायला हवं होतं? पण हे म्हणाले... हे म्हणजे आमचे हे, घरात चंदू... त्याला चेकडिस्क म्हणतात, मीच लावून ठेवलाय, आपण लक्ष द्यायचं नाही. मी म्हटलं, हो.

तुम्हाला सांगते, लग्न होऊन आल्यापासून माझं हेच चाललंय. वर्तकनगरहून निघताना आईने कानात सांगितलेलं, पहिलं वर्ष हो म्हण, मग बघ. सासूबाईंनी विचारलं, कारलं आवडतं ना? मी म्हटलं, हो. ह्यांनी विचारलं, ह्या रविवारी फिरायला जाण्याऐवजी मित्राकडे जाऊन काँप्युटर उघडून बघू या? मी म्हटलं, हो. आणि मग एक दिवस आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा पुसत विचारलं, सूनबाई, तुला मराठी टायपिंग येतं म्हणे. मी म्हटलं, हो.

इथे चुकलं.

आबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फोरमन होते. रिटायर झाले आणि आत्मचरित्र लिहायला घेतलं. लिहायला म्हणजे सांगायला. आधी सासूबाईंना सांगून बघितलं, तर त्यांना नेमकं त्याच वेळी भजन लागायला लागलं. ह्यांना सांगून बघितलं, हे ओव्हरटाइम करायला लागले. मग घरात सून आली, तिच्या पाठोपाठ काँप्युटर आला, आणि दुपारी जेवणं झाली की आबा आरामखुर्चीत आणि मी कीबोर्डपाशी. 'घे. माझा जन्म, स्वल्पविराम, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात, स्वल्पविराम...' तुम्हाला सांगते, त्या जन्मालाच एक आठवडा लागला! कारण सुईण कुठून आली, ती ज्या होडीतून आली ती कोणाची, त्या होडीवाल्याचा आबांच्या आजोबांशी कशावरून वाद होता... आबा पूर्णविराम सांगतात हो, पण देत नाहीत. पहिली सायकल घेतली ते प्रकरण तर सायकलवरून दिल्लीला जाऊन येण्याइतकं लांबलं. तरी टाइप करत राहिले. उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती आले नि गेले, आणि आबा एकदाचे रिटायर झाले. म्हणजे पुस्तकात. शेवटचं पान राहिलेलं, समारोप. 'कृतार्थ वाटते' एवढं टाइप केलं आणि लाइट गेली.

आमच्याकडे लाइट जाते तेव्हा कोणी दचकत नाही, सासूबाई पदराने वारा घेत कालचं बोलणं पुढे सुरू करतात. पण आली तेव्हा आबांची फाइल उघडेना. नाव दिसतंय, आत काही नाही. रोज कॉपी करून ठेवायचे ती फ्लॉपी घातली. फ्लॉपीवर गाडी चालवायचा गेम! ह्यांनी ऑफिसातून आणलेला, 'तात्पुरता' म्हणून त्याच फ्लॉपीवर घेतलेला. मी पडद्याकडे बघतेय, आबा माझ्याकडे बघतायत, आणि आबा काय म्हणाले असतील? ओरडले नाहीत. म्हणाले, 'असू दे, सूनबाई. मला सगळं तोंडपाठ आहे.'

माझ्या अंगावर काटा आला. तोंडपाठ आहे म्हणजे? म्हणजे परत सुईण? परत होडी? परत सायकल? ज्यांना वाटत असेल की मी त्या पुस्तकासाठी धावले, त्यांना वाटू दे, पण तुम्हाला खरं सांगते, मी धावले ती त्या सुईणीच्या धाकाने.

ह्यांच्या मित्राला, कुंडलिकला, यातलं कळतं. आम्ही टेलिफोनला नंबर लावलाय तो अजून लागतोय, म्हणून समोरच्या भीमाकाकूंकडे फोन करायला गेले. कुंडलिक म्हणाला, वहिनी, टेन्शन नाय घ्यायचं, तो चेकडिस्क नुसता बघतोय, त्याला दुरुस्तीची परवानगीच दिलेली नाय. चंदूने अर्धवट लावलाय. चेकडिस्कच्या पुढे तिरपी रेघ मारा आणि एफ लिहा. एफ म्हणजे फिक्स. मी म्हटलं, हो. ऐका, म्हणजे एवढे महिने ते मशीन चुका सांगत होतं आणि हातावर हात ठेवून बसलेलं, कारण त्याला कोणी एक अक्षर दिलं नव्हतं!

मी घरात आले, तिरपी रेघ मारली, एफ लिहिलं. घरघर, घरघर... आणि पडद्यावर प्रश्न. परत समोर धावले, तसाच मोठ्याने फोनवर वाचून दाखवला, कारण कुंडलिककडे कारखान्याचा भोंगा वाजत होता. 'लॉस्ट चेन्स सापडल्यात, तीन! त्यांच्या फायली करू का विचारतंय, वाय की एन!'

भीमाकाकू स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. लसूण सोलायची थांबली.

कुंडलिक समजावत होता. फाइल म्हणजे तुकड्यांची साखळी असते, लाइट गेली की साखळी तुटते, मशीनला कळत नाय हे तुकडे कुणाचे. वाय दाबलंत तर उचलून फायली करून ठेवील, एन दाबलंत तर सगळं पुसून जागा मोकळी करील. मी नीट ऐकलं, फोन ठेवला, दारात आले, तर भीमाकाकू माझ्याआधी आमच्या घरात! सासूबाईंचा हात धरून म्हणतायत, 'तीन चेनी गेल्या आणि तुम्ही बोलला नाहीत? पोलिसांनी फायली केल्या का?' मागे वरच्या मजल्यावरच्या दोघी उभ्या. एकीने तर स्वतःच्या गळ्यातलं पदराखाली झाकून घेतलेलं.

आता आमच्या सासूबाईंची गंमत अशी, की त्यांची चेन खरंच गेलेली आहे. ह्यांना काँप्युटर हवा होता, पैसे पुरत नव्हते, तेव्हा त्यांनी ती गळ्यातून काढून दिली आणि बिल्डिंगमध्ये सांगितलं, पॉलिशला टाकलीय. एवढ्या बायकांपुढे क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पदर सावरला आणि सरळ मशीनकडे बोट केलं. 'चोरीबिरी काही नाही. तीन नाही, एकच होती, आणि ती ही बघा, समोर बसलीय. फायली काय करायच्या त्या हीच करते.' मला म्हणाल्या, 'तू तुझं काम कर गं. माझी चेन काय विचारतेय तिला उत्तर दे.'

बायका पांगल्या. मी खुर्चीत बसले. आणि तुम्हाला सांगते, त्या पडद्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं, की लग्न होऊन आल्यापासून मला खरोखर कोणी विचारलं असेल, हो की नाही, तर ते ह्या मशीनने. कसं, तर उत्तर गृहीत न धरता. प्रश्नाच्या शेवटी ती कर्सरची काडी लुकलुकवत थांबून राहिलंय. दोन्ही बटणं सारखीच. घाई नाही, बाई, तू सांग. काय बरं वाटलं म्हणता! मी हातसुद्धा पुसले. मागे आबा उभे, खुर्चीची पाठ घट्ट धरलेली, श्वास माझ्या केसांत लागतोय.

मी दाबलं, वाय.

तीन फायली आल्या. पहिल्या दोन उघडल्या, नुसता कचरा, चौकोन नि फुल्या. तिसरी उघडली... 'माझा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात'. सुईण आहे! होडी आहे! सायकल आहे, सगळीच्या सगळी! नुसता समारोप गेलेला, तो काय, एका ओळीचा. मी डोळे मिटून घेतले. आबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, उरलेली माझ्या हातावर.

संध्याकाळी हे आले. सगळं ऐकलं आणि लगेच काँप्युटर सुरू होतो तेव्हा जी यादी वाचतो तिच्यात दुरुस्ती केली. तिरपी रेघ एफ तर घातलंच, पण त्याच्याही आधी लिहिलं, 'इको वाय'. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, आता मशीन प्रश्न विचारील आणि त्याचं हो सुद्धा तेच देईल. तुला परत त्रास नको, कोणासाठी थांबायला नको. बरोबर आहे ना? मी म्हटलं, हो.

रात्री जेवताना आबा मोकळे झाले. म्हणाले, 'सूनबाई, आता सांगायला हरकत नाही. तोंडपाठ आहे म्हणालो ते तुझ्या जिवाला लागू नये म्हणून. मनात ठरवलेलं, मिळालं नाही तर देवाचीच इच्छा नाही, आत्मचरित्र हा विषयच सोडून द्यायचा. पण तू बटण दाबलंस आणि कौल मिळाला. आता अर्धवट नको. रिटायर झाल्यानंतरचा दुसरा खंड घेऊ या. उद्या दुपारी बसायचं?'

घास हातात राहिला. एन. नुसतं एन दाबायचं होतं. सगळं पुसलं जाऊन जागा मोकळी!

सासूबाई आमटी वाढता वाढता थांबल्या, ह्यांनी मान खाली घातली, आबा वाट बघत होते... खरंच वाट बघत होते हो, पडद्यावरच्या त्या काडीसारखे.

मी म्हटलं, हो.